सुरीच्या टोकावरचं लिंबू

आधी कबूल करा का हसनार नाई! हसाचं असन तर चहा प्या अन् आपापल्या घरी जा, मी काही सांगत नाई. कारन ह्या गोष्टीत माह्या एकट्याची शोभा झाली, अन् तेही भर मे महिन्यात, पायात नवे बूट घालून.

मले राग कायचा हाय सांगू? उन्हाचा नाई. ऊन बिचारं आपलं काम करते. मले राग हाय तो घरगुती उपाय सांगनाऱ्यायचा! आपल्याकडं उन्हाळ्यात तुमी नुसतं "हुश्श" म्हना, चारी बाजूनं उपाय चालून येते. कोनी म्हनते कैरीचं पन्हं पे, कोनी म्हनते तळपायाले काशाची वाटी घास, कोनी म्हनते खिशात कांदा ठेव. अबे, मले जगू द्या ना!

तर झालं असं. माह्यं वय तेहतीस. रिठदले थोडी शेती, अन् चौकात मोटर वाइंडिंगचं दुकान. पोरीवाले येत, दुकान पाहत, चहा पीत अन् "कळवतो" म्हनून जात. आजपरेंत कोनी कळवलं नाई. शेवटी मंगरूळपीरच्या माह्या मामानं कारंजाचं एक स्थळ आनलं. पोरगी अश्विनी, गावच्या उपकेंद्रात सिस्टर. मामा फोनवर म्हने, "भाच्या, हे स्थळ गेलं तर मी पुन्हा तुह्यासाठी वहाना झिजवनार नाई. अन् पाह्य, मी त्यायले सांगून ठेवलं, पोरगा गोरा हाय म्हून."

गोरा! मी! आईनं बायोडाटात 'गव्हाळ' लिहिलं तवाच मले लाज वाटली होती. गव्हू कुठं अन् मी कुठं? पन मामाचा शब्द पडला होता, आता काय करता?

रविवारी पाहाचा कार्यक्रम, अन् गुरुवारी माह्यं तोंड भाजलं. कसं भाजलं काय विचारता? उन्हानं भाजलं! दुपारी गाडीवर रिसोडले गेल्तो, नवा शर्ट आनाले. रात्री तोंडाची अशी आग का उशीबी सहन होईना. सकाळी आरशात पाह्यलं तं कपाळ, गाल, मान लालबुंद. दुकानात जाची सोय नाई, अन् दोन दिवसांनी पोरगी पाहाची!

मी गुपचूप थंड्या पान्यानं तोंड धुवत होतो, तेवढ्यात वच्छलाकाकू आली. वच्छलाकाकू म्हंजे आमची शेजारीन, गल्लीची बिनपगारी डॉक्टर. तिले बोलवा लागत नाई, तिले वास येते.

"अरे बाप्पा! हे तं ऊन बाधलं तुले!"

"काही नाई काकू, होईन बरं."

"कसं होईन? दही-हळद लावा लागते. अन् बाजारची नाई, आपल्या वावरातली!"

आता आमच्या वावरातली हळद कशी हाय म्हनता? एकदा सदऱ्याले लागली का सदरा फाटते, हळद जात नाई. ती हळद काकूनं दह्यात कालवून माह्या तोंडाले, मानीले, हाताले थापली. शुक्रवारी दोनदा, शनिवारी दोनदा. वर ताकीद, "साबन लावजो नोको, सालपटं निंगतीन."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पन काकूची लेक बेबी माहेरी आल्ती, दोन लेकरं घेऊन. ती म्हने, "दादा, वरून थंड करून काय फायदा? गरमी तळव्यातून काढा लागते." अन् तिनं माह्या तळहाताले अन् तळपायाले मेंदी लिपली!

"अवं, परवा पोरगी पाहाले जाचं हाय!" मी बोंबललो.

"म्हूनच तं लावून राह्यलो," काकू म्हने. "परवा परेंत चंद्रावानी दिसतं का नाई पाह्य."

झालो ना चंद्रावानी! रविवारी सकाळी तोंड पिवळंधम्मक, अन् तळहात लालभडक. घासघास घासलं, काही फरक नाई. आई म्हने, "जाय, उन्हात उडून जाईन रंग." निंगताना काकूनं माह्या खिशात कांदा कोंबला अन् हाती पिशवी देल्ली. पिशवीत पान्याची बाटली, मिठाची पुडी, लिंबू अन् सुरी. "चक्कर आल्यासारखं वाटलं तर लिंबू काप, मीठ टाक अन् पे." सुरीचं टोक पिशवी फाडन, म्हून तिनं त्या टोकावर लिंबूच खोचून देल्लं होतं. मले तवा वाटलं, काय हुशार बाई हाय!

वाशिमले गाडी बदलली. कारंजाची येष्टी, खिडकीतून भट्टीवानी झळा, अन् माह्या घशाले कोरड. मी पिशवीतून सुरी काढली. बाजूच्या सीटवरची म्हातारी माह्याकडं पाह्यतच राह्यली. मंग तिनं माह्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"अवं माय! हळद लागलेला नवरदेव, अन् येष्टीत?"

"मी नवरदेव नाई, आजी!"

कंडक्टर तिकिटं फाडत आला. त्यानं माह्यं तोंड पाह्यलं, हात पाह्यले, सुरी पाह्यली. "काय नवरदेव, वऱ्हाड कुठं राह्यलं?"

"भाऊ, मी नवरदेव नाई."

"हाव का? मंग मी बी कंडक्टर नाई."

अन् तवा, गाडी अर्ध्या रस्त्यात आल्यावर, माह्या डोक्यात उजेड पडला! पिवळं तोंड, मेंदीचे हात, अन् हाती लिंबू खोचलेली सुरी. आपल्याकडं हळद लागली का नवरदेवाच्या हाती हेच देते ना, नजर लागू नाई म्हून? म्हंजे तीन उपायायनं मिळून माह्यं लग्न लावून टाकलं होतं! फक्त नवरी तेवढी कमी होती.

मी सुरी पिशवीत कोंबली. पन आता काय उपयोग? म्हातारी सगळ्या गाडीले सांगत होती, "हळद लागल्यावर पोरानं उंबरा ओलांडाचा नसते. याची माय काय झोपली काय?" मागच्या सीटवरून एकानं आवाज देल्ला, "पळून चाल्ला काय बे?" मले असा संताप आला का सांगू नोका. अरे, तेहतीस वर्षं कोनी पोरगी देईना, अन् हे लोक मले मांडवातून पळवून राह्यले!

मंगरूळपीरले मामा चढला. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. माह्याकडं पाह्यलं अन् जागच्या जागी थांबला. मंग सरळ जाऊन पुढच्या सीटवर बसला.

"मामा! इकडं जागा हाय!"

"कोन मामा?" तो मान न वळवता म्हने. "भाच्याले हळद लागते, अन् मामाले पत्रिका नाई. लग्नात नवरीच्या अन् नवरदेवाच्या मागं कोन उभं राह्यते? मामा! मंग तुह्या मागं आता कोन उभं राह्यनार हाय, कंडक्टर?"

"मामा, मले ऊन लागलं हो!"

"ऊन मलेबी लागते. मी काही मेंदी लावून फिरत नाई."

आमचा मामा रुसला का रुसला. म्हने, "कारंजापरेंत येतो. त्या भल्या मानसायले मीच शब्द देल्ला, तर मीच तोंडावर सांगतो का पोरगा दुसरीकडं उजवला." मी पाया पडलो, शपथा घेतल्या. मामानं डोये मिटून घेतले.

कारंजाले पोरीच्या घरी आमी पोचलो तर बैठकीत पोरीचे वडील उभे. साधा मानूस, अडत्याकडं नोकरी करनारा. त्यायच्या बाजूले पोरीची आत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी वाकून नमस्कार केला तर खिशातला कांदा टुनकन बाहेर पडला अन् गडगडत आत्याच्या पायाशी गेला. आत्यानं कांद्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं.

"ही हळद कोनी लावली?"

"शेजारच्या काकूनं."

"अन् मेंदी?"

"काकूच्या पोरीनं."

"अस्सं! पोरीनं!"

"नाई हो, तसं काही नाई!" मले घाम फुटला. "तिले दोन लेकरं हायेत!"

आता तुमीच सांगा, ह्यात मी काय चूक बोललो? पन आत्या मटकन खुर्चीत बसली. "दोन लेकरं! दादा, ऐकलं का? दोन लेकरं हायेत म्हनते!" मामानं कपाळावर हात मारला. पोरीच्या वडिलायनं माह्या हातची पिशवी घेतली, आतून सुरी काढली, टोकावरचं लिंबू पाह्यलं अन् सुरी हळूच टेबलावर ठेवली.

"तुमच्या घरी फोन लावा," ते म्हनले. "सगळ्यायले ऐकू येईन असा."

मले वाटलं, सुटलो! आई सगळं समजावून सांगन. मी फोन लावला, स्पीकर चालू केला. पन आई गच्चीवर कुरडया घालत होती, अन् फोन उचलला कोनं? वच्छलाकाकूनं!

"मी कारंजाहून पोरीचा बाप बोलून राह्यलो. पोराले हळद लागली हे खरं काय?"

"हाव ना!" काकू खुशीत. "चार डाव लावली! माह्या हातानं!"

"अन् मेंदी?"

"आमच्या बेबीनं लावली. काय रंगली हो! दाखवली का नाई त्यानं?"

"अन् सुरी-लिंबू?"

"मीच तं देल्लं! रस्त्यात काही होऊ नाई म्हून." मंग गच्चीकडं तोंड करून ओरडली, "वो वैनी! पोरीकडचे विचारून राह्यले हळद लागली काय!"

अन् वरून माह्या सख्ख्या मायचा आवाज आला, "सांग का चांगली लागली म्हना! अंगाले मानवली!"

पोरीच्या वडिलायनं फोन बंद केला. हात जोडले. "या तुमी आता."

खरं सांगतो, हसनं जाऊ द्या, माह्या डोयात पानी आलं. हे स्थळ गेल्यावर दुसरं कोन येनार होतं? आयुष्यभर लोकायच्या मोटरीच गुंडाळाच्या होत्या मले. मी वाकून कांदा उचलाले गेलो, कारन दुसरं काय उचलाचं ते सुचेना.

तेवढ्यात आतून अश्विनी आली. हाती पोह्याचा ट्रे नाई, काही नाई. सरळ माह्यासमोर उभी राह्यली अन् म्हने, "बाही वर करा."

मी केली.

"बाबा, लग्नाची हळद दंडापरेंत लावते. यायची मनगटाच्या वर नाई. वर पाहा, काळंच हाय." मंग वाकून माह्या गालाकडं पाह्यलं. "हे भाजलं हाय. कातडी सुटून राह्यली. भाजल्यावर नुसतं थंड पानी टाकाचं असते, दही-हळद थापाची नसते."

मामा ताडकन उठला. "म्हंजे लग्न नाई झालं?"

"नाई!"

"मंग आधी सांगाचं ना बे!"

आता मातर मले जोर चढला. दोन दिवसाचा सगळा राग एकदम बाहेर आला. "हेच तं मी म्हनतो सिस्टर!" मी टेबलावर हात आपटला. "हे घरगुती उपायवाले आधी गावातून हाकलाले पाह्यजे! समजत काही नाई अन् दुसऱ्याच्या तोंडाचा सत्यानाश करते! मानसानं सिस्टरले विचारावं, डॉक्टरले विचारावं, पन नाई! जे हाती लागन ते तोंडाले चोपडते! अडानी!"

"बरोबर हाय तुमचं," अश्विनी म्हने. ती आजून माह्या गालाकडंच पाहत होती. "पन एक समजलं नाई. ऊन लागलं तर तोंड सगळीकडं सारखं लाल होते. तुमचं ओघळ-ओघळ भाजलं. कपाळावरून गालावर, गालावरून मानीवर. बोटाच्या फटीतबी भाजलं. उन्हात जाच्या आधी काही चोळलं होतं काय?"

माहे डोये, मेले, सरळ टेबलावर गेले. सुरीच्या टोकावर. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग तिथं पाह्यलं.

"लिंबू?"

"...दोन."

"लिंबाचा रस तोंडाले लावून उन्हात गेले? कायले?"

आता काय सांगू? मी मान खाली घातली. "मामानं गोरा सांगतलं होतं. मोबाईलवर पाह्यलं, लिंबू चोळलं का चार दिवसात मानूस गोरा होते म्हने."

आत्या अशी हसली का तिचा पदर तोंडात राह्यला नाई. पोरीचे वडील भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले, पन त्यायचे खांदे हालताना दिसत होते. मामा पुन्हा रुसला. अश्विनी हसली नाई. तिनं आतून थंड्या पान्यात भिजवलेला फडका आनला, माह्या हाती देल्ला अन् म्हने, "अडानी कोनाले म्हनत होते तुमी?"

आठ दिवसांनी होकार आला. तिनं घरी सांगतलं म्हने, "ह्या मानसाले लपवाछपवी जमनार नाई, तोंडावरच उमटते." लग्न थंडीत झालं. खऱ्या हळदीच्या दिवशी वच्छलाकाकू परात घेऊन आली तर मी मांडवात दोन चकरा मारल्या तिच्या पुढं पुढं, पन तोंडाले हात लावू देल्ला नाई.

आता दोन वर्षं झाली. काकूची दही-हळद मी पार बंद केली, गल्लीत भाषन देऊन बंद केली. पन घरात माह्यं कोन ऐकते? आजही उन्हाळ्यात मी बाजारातून लिंबं आनले का अश्विनी पिशवीत डोकावून विचारते, "सरबताले आनले, का थोबाडाले?"