सुहासची बंद बाही

सुहासला फसवलं ते अविनाशने. आडनावं लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

गेल्या महिन्यात सुहास गेला. आंग मो किओ वस्तीत त्याच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शोकसभा झाली. इथे, या परदेशी बंदरात, सगळे त्याला मरीन इंजिनीअर म्हणून ओळखत. मी जहाजांना भाजीपाला आणि दोरखंड पुरवणारा, म्हणून आमची ओळख. पण त्याआधी, तरुणपणी, तो एका इंग्लिश काउंटीकडून तीन सामने खेळला होता. ऑफस्पिनर. लहानपणी झाडावरून पडून उजवं कोपर मोडलं, ते वाकडंच जुळलं. कोपर सरळ करत चेंडू सोडला की तो फेकलेला ठरतो. याचं कोपर सरळ होतच नसे. तरी पाहणाऱ्याला फेकल्यासारखं दिसायचं, म्हणून तो बाही मनगटापर्यंत बंद ठेवून गोलंदाजी करी. हे तिकडे एकालाच ठाऊक होतं, अविनाशला. दोघं एका खोलीत राहायचे, दोघंही ऑफस्पिनर, आणि संघात जागा एक.

तिसऱ्या सामन्यात पंच सरळ सुहासकडे आले आणि म्हणाले, बाही वर कर. बटण निघेना, तेव्हा त्यांनीच ओढलं. ते तुटून गवतात पडलं... त्यानंतर सुहासला चेंडू मिळाला नाही. कुजबुज झाली, करार संपला. चौथा सामना अविनाश खेळला. "त्या दिवशी मी दुसऱ्या गावी राखीव संघाबरोबर होतो, नाहीतर भांडलो असतो," असं तो आयुष्यभर सांगत आला, पुढे इथे राहायला आल्यावरही.

तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत घामाने निथळतानाही सुहासच्या बाह्या बंद असत. "वर कर की, इथे कोण पंच बसलाय?" मी म्हणायचो.

"तू आहेस की, शेठ."

"मग अविनाशला विचारू दे मला. खरं काढतो की नाही बघ."

"नको. दर दिवाळीला त्याच्याकडे जेवतो मी. उत्तर मिळालं तर जेवायला कुठे जाऊ?"

मी कप आपटून उठलो होतो. बटणाची गोष्ट त्याने अविनाशला कधी सांगितली नव्हती. तसं तो मला शपथेवर म्हणाला होता.

शोकसभेत अविनाश गहिवरून बोलला. "बिचारा गवतात बटण शोधत होता, अजून डोळ्यांसमोर आहे..."

भाव करताना समोरचा न विचारलेलं सांगू लागला की माझे कान टवकारतात. "डोळ्यांसमोर? तू तर दुसऱ्या गावी होतास ना?" मी तिथेच ओरडलो.

"शेठ दमलेत, पाणी द्या त्यांना," अविनाश म्हणाला. लोकांनी मला खाली बसवलं.

नंतर सुहासच्या मुलीने, मधुराने, कपडे न्यायला बोलावलं. कपाटात सगळे फुल शर्ट. प्रत्येकाच्या उजव्या मनगटाचं बटण जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेलं.

"काका, बाबा खरंच फेकायचा, इज इट? मी अविनाश अंकलना विचारलं. ते म्हणाले, लेट इट गो लाह."

मी तिला कोपराचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिला वाटतं काका रागात बोलतात.

त्यातला एक शर्ट माझ्या दारामागे टांगलाय. बटण ओढून पाहिलं, हलत नाही. अविनाश, तू त्या दिवशी मैदानावर काय करत होतास, आणि पंचांच्या कानाशी कोण लागलं होतं? मला सांगू नकोस. आंग मो किओला जा आणि मधुराला सांग.