कानोसाबाईंचा गृहपाठ

बाई आल्याचे गल्लीत कोणालाही ऐकू येत नसे. बाईंना मात्र साऱ्या गल्लीचे ऐकू येई. दिवेलागणीला त्या आपल्या खोलीतून निघत, चपला हातात घेत आणि अनवाणी पावलांनी एकेका घराच्या कुडाशी क्षणभर उभ्या राहत. आतून पोराच्या वाचनाचा आवाज आला की पुढच्या घराकडे सरकत. या सवयीवरून गावाने त्यांना कानोसाबाई म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचे खरे नाव शाळेच्या फलकापुरते उरले.

नवेगाव बांधच्या जंगलाला आमच्या गावच्या शेवटच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, टेकलेल्या आहेत. संस्कृत पाठशाळेत उभी हयात घालवून मी गावी परतलो आणि इथल्या महादेवाची पूजा पत्करली. देऊळ गल्लीच्या टोकाला. बाईंची फेरी तिथे संपे. त्या पायरीवर टेकत, चपला खाली ठेवत आणि म्हणत, "महाराज, आज सारी घरं बोलली." ते ऐकून आरतीची वात लावताना मला आगळे समाधान वाटे.

त्यांचा गृहपाठ लिहिण्याचा नव्हताच. एक धडा आठवडाभर, रोज सांजेला, घराच्या छपरीत, पुढच्या पडवीत, बसून मोठ्याने वाचायचा. आणि घरातल्या एका जाणत्या माणसाने हातातले काम ठेवून समोर बसून तो ऐकायचा. पालकांच्या सभेत त्या बजावत, "पोराचा गृहपाठ वाचणं, घराचा गृहपाठ ऐकणं. पोरगा नापास झाला तर मी घराला विचारीन." आमच्या परंपरेत विद्या कानाने घेतली जाते आणि नवविधा भक्तीतही श्रवणाचे स्थान पहिले. त्यामुळे या बाईंविषयी माझ्या मनात आदर होता. ज्यांना अक्षरओळख नाही अशा आज्याही त्या वेळी डोक्यावर पदर घेऊन, कथेला बसावे तशा बसत.

आदर गावालाही होता, पण त्यात भय मिसळलेले होते. वाचन मध्येच थांबले तर कवाड लोटून बाई आत उभ्या राहत. त्या येताना दिसत नसत, उभ्या असलेल्याच दिसत. पहिल्याच दिवशी वर्गात त्या मुलांना सांगून ठेवत, "आवाज थांबला की मी आत येईन, हे ध्यानात ठेवा." काही पोरे भाकरीचा घास तोंडात असतानाही वाचत राहत. एकदा टेकचंदची म्हातारी आई, गिरजाबाई, मला हसत म्हणाली, "महाराज, बिबट परवडला जी. थो एखादवेळी चुकते. मॅडम नाही चुकत."

टेकचंदचे घर देवळाला लागून, गल्लीतले शेवटचे. त्याची मुलगी तनू चौथीत होती. आवाज बारीक, पण उच्चार असे स्वच्छ की बाई तिच्या दाराशी गरजेपेक्षा अधिक रेंगाळत. बाई कोणाची तोंडावर स्तुती करीत नसत. तनूविषयी मात्र एकदा मला म्हणाल्या होत्या, "ही पोरगी वाचते तेव्हा मला काही ऐकावं लागत नाही, आपोआप ऐकू येते."

त्या वर्षी चैत्रात मोहफुलांचा सडा पडला होता. असा मोसम आला की घरे रिकामी होतात. बायका पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात जातात, दुपारी फुले खळ्यावर वाळत घालतात, आणि ढोरांनी तोंड घालू नये म्हणून कोणीतरी राखण बसते. त्याच दिवसांत बिबट गावाच्या कडेला फिरू लागला होता. मंगळवारी भरदुपारी त्याने टेकचंदच्या परसातून बकरी उचलली. दाव्याचा तुटका तुकडा खुंटीला लोंबत होता आणि गिरजाबाई दिवस मावळेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसली होती.

गुरुवारी सांजेला बाई नेहमीप्रमाणे फेरी संपवीत आल्या. टेकचंदच्या छपरीतून तनूचे वाचन चालले होते. तो आठवडा तळ्याच्या धड्याचा होता. मी पायरीवर डोळे मिटून ऐकत होतो. वाचन चालू असता मागे बकरी ओरडली; तनू क्षणभर थांबली, खुदकन हसली आणि पुढे वाचू लागली. मला ते गोड वाटले.

बाई मात्र जागच्या जागी थिजल्या. "महाराज," त्या अगदी हळू म्हणाल्या, "टेकचंदची बकरी परवाच नेली ना?"

मी उत्तर देण्याआधीच बाईंनी कवाड लोटले होते, आणि मी त्यांच्या मागे होतो. छपरीत तुळशीपुढचा दिवा, दिव्याशेजारी पाटावर मोबाइल, आणि मोबाइलसमोर पदर सावरून बसलेली गिरजाबाई. तनूचा आवाज त्या मोबाइलमधून येत होता, बकरी जिवंत असतानाचा. शाळा बंद होत्या त्या काळात बाईंनीच पालकांना शिकवले होते, वाचन फोनमध्ये भरून कसे पाठवायचे. घराने ते विद्यार्थ्याच्या निष्ठेने लक्षात ठेवले होते.

"तनू कुठं आहे?"

"खळ्यावर जी. फुलं राखून राहिली."

"एकटी? आणि हे काऊन लावलं?"

म्हातारी गडबडली, मग थोडी रागावलीही. "तुमीच तं म्हनता जी, घरातून आवाज आला पायजे. काल लावलं तं तुमी काही बोलल्या नाही. पोरगी कामावर, माय कामावर. आवाज कोठून आनू? मी तं रोज बसतो ना समोर आयकाले!"

एवढ्यात तनूची आई डोक्यावर टोपले घेऊन आली, आणि तिच्या पाठोपाठ सौंदडच्या बाजारातून टेकचंदची मोटारसायकल. तो एकटाच उतरला. तनूला खळ्यावरून आणायचे ते नवरा-बायकोंनी एकमेकांवर सोडले होते; दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"तनू?" आईने विचारले.

"तुयासंगं नाही आली का? मी तं बाहेरूनच तिचा आवाज आयकला," टेकचंद म्हणाला.

मोबाइलमधली तनू अजून वाचतच होती. आईने टोपले टाकले आणि तो आवाज आपल्या हाताने बंद केला.

टेकचंद धावत सुटला. गल्लीतली माणसे बॅटऱ्या, काठ्या, पिंपाची झाकणे घेऊन निघाली. मी काठी टेकत शेवटच्या बांधीपर्यंत गेलो. खळे त्यापुढे, जंगलाच्या कडेला; पण बिबटाच्या धाकाने माणसांनी टेकचंदलाही तिथेच अडवले होते. मुखाने महादेवाचे नाव चालले होते. माणसे झाकणे बडवीत होती, तनूच्या नावाने ओरडत होती, आणि त्या कल्लोळात उजेड भराभर विझत होता. तेव्हा बाईंनी दोन्ही हात वर केले.

"थांबा. सारे चूप राहा. मला ऐकू द्या."

त्या स्वरापुढे सगळे थांबले. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. मोहाच्या पाल्यातून वारा फिरत होता, दुसरे काहीच नव्हते. मग फार दुरून, खळ्याच्या अंगाने, एक बारीक आवाज आला. तळ्याचा धडा होता. शब्दामागून शब्द, न चुकता, न थांबता. अंधारात अक्षर दिसण्याची सोय नव्हती, पण त्या आठवड्यात तो तिला मुखोद्गत झाला होता.

एकालाही वाटेना की हा आवाज खरा असेल. टेकचंद माझ्याजवळच खिळून उभा राहिला आणि लहान मुलासारखा विचारू लागला, "महाराज, हा बी फोनच आहे का जी?"

आम्ही पोचलो तेव्हा तनू खळ्यावरच्या मचाणावर सापडली. खाली वाळत घातलेली फुले उधळली होती, आणि मचाणाच्या चारही खांबांभोवती मऊ धुळीत बिबटाच्या पावलांचे वेढे पडले होते. बापाने उचलून घेतले तरी तिचे वाचन थांबेना. आईने तोंडावरून हात फिरवला तेव्हा ती गप्प झाली. मग तिची नजर बाईंकडे गेली.

"मॅडम, मी थांबलो नाही," ती म्हणाली. "थे खाली फिरून राहिलं होतं. पाय वाजत नव्हते त्याचे. तुमी म्हनता ना, आवाज थांबला का मी आत येईन. मले वाटलं, थे बी तसंच असन."

बाईंच्या हातात चपला होत्या. त्यांनी त्या हळूच खाली ठेवल्या, पायांत घातल्या, आणि परतीच्या वाटेवर सर्वांच्या मागून चालत आल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई गल्लीत आल्या की दुरूनच ऐकू येत. चपला आपटीत येत, पहिल्या घरापासून प्रत्येक दारी हाक मारीत; टेकचंदच्या दारी म्हणत, "तनूची आजी, येऊ का जी?" आत जाऊन घरच्या माणसाशेजारी बसत आणि मूल डोळ्यांनी पाहून मगच उठत. वाचन थांबले तर थांबू देत. फेरीला आता दुप्पट वेळ लागे. माझ्या पायरीवर येऊन त्या म्हणत, "महाराज, सारी पोरं पाहिली." घरे बोलली, असे त्यांनी पुन्हा कधी म्हटले नाही. तनूच्या दाराशी मात्र त्यांचा पाय अडखळे. मुलीच्या डोळ्यांत भय उरले नव्हते. ते बाईंच्या डोळ्यांत जाऊन बसले होते.

पुढल्या वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून त्या मला म्हणाल्या, "आवाजावर जाऊ नका, महाराज. दार वाजवत जा."

आता शाळेत नवे गुरुजी आहेत. सज्जन आहेत, पण लांबच्या गावाहून येतात आणि लगेच परततात. त्यांचा गृहपाठ असा, की वाचन फोनमध्ये भरून संध्याकाळपर्यंत पाठवायचे. पाठवून झाल्यावर घरची माणसे ते कौतुकाने पुन्हा पुन्हा लावतात. दिवेलागणीला साऱ्या गल्लीत लेकरांचे आवाज घुमतात; परक्याला वाटावे, हे गाव म्हणजे ऋषींचा आश्रम आहे.

यंदाही मोहफुले पडू लागली आहेत. परवा बांधीत पुन्हा पावले दिसली. मी आरती आटोपून काठी उचलतो आणि ती दगडांवर वाजवीत घरोघर जातो. कवाडावर थाप मारतो, म्हणतो, "लेकराला बाहेर पाठवा, प्रसाद देतो." पुष्कळ दारे उघडतात आणि इवले तळवे पुढे होतात.

काही घरांत मात्र वाचन चालूच राहते, आणि दार उघडत नाही.