दारातल्या तीन हाका

न्यायालयाच्या वरच्या मजल्यावर, दालनाच्या दाराशी उभे राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करणाऱ्या म्हाताऱ्या पट्टेवाल्याला सारे घंटाबुवा म्हणत. ऐन उमेदीत त्यांचा आवाज खरोखरच घंटेसारखा होता. हाक सुटली की खालच्या आवारात पेंगणारा माणूसही दचकून उठे. आता निवृत्ती उंबरठ्याशी आली होती, गुडघे कुरकुरत होते आणि घंटेचा लोळा झिजला होता. घरी बायको म्हणे, "पूर्वी तुम्ही मला हाक मारलीत की शेजारीण 'ओ' द्यायची. आता मांजरसुद्धा मान वळवत नाही." बुवा ते हसण्यावारी नेत. हसण्याचेही आताशा श्रमच होत.

इमारतीइतकाच जुना असा तेथला शिरस्ता होता : दारातून तीन हाका द्यायच्या, तिसरीलाही उत्तर आले नाही, तर 'गैरहजर' अशी नोंद होई आणि दावा काढून टाकला जाई. वर व्हरांड्यात टेकायला जागा नव्हती. म्हणून वकीलच आपल्या अशिलांना खालच्या बाकांवर पाठवीत, आणि नेमके पुकाऱ्याच्या घटकेला स्वतः दुसऱ्या दालनात अडकलेले असत. जिन्याच्या दोन वळणांत आणि आवारातल्या टंकयंत्रांच्या खडखडाटात हाक विरून जाई. हाक वर आणि माणूस खाली, ही विसंगती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. म्हणूनच ती कुणाला दिसत नव्हती.

एक शिवणकाम करणारी विधवा अशीच गैरहजर ठरली. नवऱ्यामागे दिराने तिच्या खोलीला कुलूप घातले होते. पोटाचे साधन असलेले शिलाईयंत्र आतच अडकले होते. खोलीसाठी तिने दावा लावला, तारखेला दिवसभर बाकावर बसली, आणि संध्याकाळी तिला कळले की दावा केव्हाच निघून गेला. तो पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्यावा, हा तिचा अर्ज नुकत्याच रुजू झालेल्या मुख्य न्यायाधीशबाईंपुढे आला. दिराच्या वकिलांनी नोंद दाखवली : पुकारा तीनदा झाला होता. या बाई खाली गप्पांत रंगल्या असतील, असेही त्यांनी सुचवले.

"गप्पांना माणूस लागतो, साहेब," ती म्हणाली. "कुलूप लागल्यापासून घरचं कुणी माझ्याशी बोलत नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि त्या आसनावरून उतरल्या. त्या दिवशी बसला होतात ते बाक दाखवा, असे त्यांनी तिला सांगितले. दोन्ही वकिलांना बरोबर घेतले. दाराशी क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "बुवा, आम्ही खाली बसलो की यांच्या नावाचा पुकारा करा. त्या दिवशी केलात तसाच."

पावले जिन्यावरून उतरत गेली. बुवांना ठाऊक होते, छातीत अजून एक मोठी हाक शिल्लक आहे. सगळे बळ एकवटले तर ती आवारापर्यंत जाईल. नाव राहील, दार राहील. नाहीतर आवाज गेला म्हणून दारावरून हलवतील, आणि अभिलेखकक्षातली धूळ झटकत उरलेले दिवस काढायचे. मात्र ती हाक खाली ऐकू गेली, की ती बाई खोटी ठरणार होती आणि कुलूप कायमचे बसणार होते. बुवांनी श्वास भरून घेतला, थोडा वेळ तसाच धरला, आणि सोडून दिला. मग रोजच्या, दमलेल्या, सवयीच्या स्वरात त्यांनी तीनदा नाव घेतले.

न्यायाधीशबाई जिना चढून आल्या तेव्हा त्यांनाही धाप लागली होती.

"पुकारलंत?"

"तीनदा, साहेब."

"आम्हाला एकदाही ऐकू आलं नाही."

बुवांनी मान खाली घातली. "रोजच येत नसणार, साहेब."

दावा पुन्हा बोर्डावर आला. त्याच आठवड्यात साऱ्या दालनांसाठी आदेश निघाला की, पुकारणाऱ्याने आवारात जाऊन पाहिल्यावाचून कुणालाही गैरहजर लिहू नये, आणि तो परतेपर्यंत न्यायालयाने थांबावे. कामे रेंगाळतील, अशी कुरकुर इतर न्यायाधीशांनी केली. काढून टाकायला वेळ लागत नाही, म्हणूनच आपण इतके दावे काढून टाकले, एवढेच न्यायाधीशबाई म्हणाल्या. बुवांचे दार कुणी काढून घेतले नाही. दाराला फक्त जिना जोडला गेला. रात्री गुडघ्यांना तेल चोळताना बायको म्हणाली, "खरं बोललात तोंडानं, आणि शिक्षा पायांना."

पुढच्या तारखेला बुवा कठड्याला धरून खाली उतरले. शिवणकाम करणारी बाई त्याच बाकावर होती. त्यांना पाहताच उठली. हाक मारावीच लागली नाही. बुवांनी नुसती मान हलवली, आणि जिन्याकडे वळण्याऐवजी बाकाचा हात धरून उभे राहिले.

"बसा जरा," ती सरकत म्हणाली. "साहेब वर खोळंबल्या असतील ना?"

"असतील," बुवा टेकत म्हणाले. "तसा हुकूमच आहे."