ताईच्या अंगठीतलं निकेल

कारखान्यात सगळे त्यांना मूसकाका म्हणत. सोनं वितळवायची मूस चिमट्यात धरून धरून तेहेतीस वर्षांत त्यांचा उजवा खांदा कायमचा झुकला होता. दिवसभर ओतणी केल्यावर संध्याकाळी डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत. घरी बायको काहीही बोलली तरी ते नुसतं 'हं' म्हणत. माणूस घुमा नव्हता, दमलेला होता.

त्या दिवशी कारखाना सुटल्यावर थोरली बहीण येऊन भट्टीजवळच्या स्टुलावर बसली. लग्नात नवऱ्याने घातलेली पांढऱ्या सोन्याची अंगठी तिला सव्वीस वर्षं सोसत नव्हती. बोट सोलवटून लाल व्हायचं. साबण बदलून झाले, हातमोजे आणून झाले. ती अंगठीला आतून दोरा गुंडाळायची, पण काढायची नाही. नवरा गेल्यावर तर नाहीच. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, अंगठीत निकेल आहे, ते बाधतंय.

"काढ मेलं ते निकेल आणि दुसरं काही घाल," ती भावाला म्हणाली होती. "पण सोनं तेच हवं."

मूसकाकांनी अंगठी तेजाबात उकळून निकेल वेगळं केलं होतं. उरली होती सोन्याची तपकिरी भुकटी. आज त्यात पॅलेडियम मिसळायचं होतं. तेही सोन्याला पांढरं करतं आणि कातडीला सहसा त्रास देत नाही. फक्त वितळायला आच फार मागतं.

"ही माझी अंगठी? तपकीर वाटतेय," ताई वाकून बघत म्हणाली.

"ओढू नकोस म्हणजे झालं."

ती हसली. त्यांनी गॅसची बत्ती पेटवली.

पॅलेडियम कधी काळ्या मुशीत घ्यायचं नसतं. ती मूस कार्बनची; पॅलेडियम तो कार्बन पितं आणि ठिसूळ होतं. नव्या कारागिरांना हे मूसकाकाच शिकवत. पण दिवसभर पिवळ्या सोन्यासाठी जी काळी मूस उचलली, तीच त्या दमलेल्या हाताने पुन्हा उचलली. ओतलेली कांडी त्यांनी चपटी करायला रोलरमधून काढली. दुसऱ्या फेरीला ती बिस्किटासारखी मोडली.

"तुटली?" ताई उठून उभी राहिली.

"मूस चुकली."

"तू? तू चुकलास?"

मूसकाका खालीच बसले. एवढ्यावर थांबता आलं असतं.

"पहिल्या वेळीही मीच चुकलो. लग्नातली ही अंगठी मीच घडवली होती," ते म्हणाले. "भावोजींनी पॅलेडियमच घालायला सांगितलं होतं. मला ती आच झेपेना. दोनदा ओतणी बिघडली, लग्न तोंडावर आलं. मग गुपचूप निकेल घातलं. दिसायला सारखंच दिसतं, ताई."

ताईने मोडलेली कांडी उचलून पाहिली.

"मी ह्यांना बोलायचे रे," ती म्हणाली. "स्वस्तातली उचलून आणलीत म्हणून. चारचौघांत बोलायचे. आणि हे नुसते हसायचे."

तिने तुकडे रुमालात बांधले.

"पुन्हा करतो. तेजाबापासून," मूसकाका म्हणाले.

"आज नको. दमलायस तू. रविवारी झोप काढून इथे ये." ते सोडायला निघाले, तर म्हणाली, "रस्ता माहीत आहे मला."

रविवारी ते नऊपर्यंत झोपले. ताई कारखान्यात आली, रुमाल पुढे केला, आणि त्यांचं काम होईपर्यंत भट्टीकडे पाठ करून बसली. पांढरी, कार्बन नसलेली मूस घेताना मूसकाकांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. दुपार कलताना अंगठी झाली. निकेलच्या अंगठीपेक्षा किंचित करडी. ताईने ती घातली, बोट वळवलं, पुन्हा सरळ केलं.

"बरी झाली?" त्यांनी विचारलं.

"अंगठी बरी आहे. आता घरी चल माझ्याबरोबर."

"आत्ता? कशाला?"

"ह्यांच्या फोटोपुढे सांग. मला सांगितलंस तेच. पण उभं राहून सांग."

मूसकाकांच्या पाठीत कळ आली होती आणि डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. उद्या येतो, असं म्हणावंसं वाटलं. त्यांनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि चपला शोधायला लागले.