लाल टॅग आणि आठ हजार सातशे चाळीस

ऐंशीच्या दशकात पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरच्या बाजारातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये एक खेळ आला. कपाटाएवढं यंत्र, आत टीव्हीसारखा पडदा. परग्रहावरचे किडे अकरा-अकराच्या पाच रांगांनी खाली उतरायचे आणि आपण त्यांना खालून गोळ्या घालायच्या. वरच्या रांगेतल्या किड्याला तीस गुण, मधल्या दोन रांगांत वीस, खालच्या दोन रांगांत दहा. सगळे पंचावन्न मारले की नऊशे नव्वद. चित्र काळंपांढरंच होतं; रंग होता तो पडद्यावर लावलेल्या रंगीत पट्ट्यांचा.

मी तेव्हा प्लांटच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, कारकून होतो. मोजायची सवय होतीच. मधूनच वरून एक तबकडी जायची. ती तेविसाव्या गोळीने पाडली की तीनशे गुण मिळतात, आणि पुढे दर पंधराव्या गोळीला, हे मी मोजून शोधलं. सर्वांत जास्त गुणांचा आकडा पडद्यावर वर राहायचा. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो पुसला जाई, तरी माझे ८२१० तिथल्या सगळ्यांना पाठ होते.

रोलिंग मिलमधला एक इलेक्ट्रिशियन माझ्याबरोबर खेळायचा. भंडाऱ्याकडचा, राहायला रुआबांधा वस्तीत. किडे कमी झाले की पळत का सुटतात, हे मला त्याने सांगितलं. "लोड कमी होते ना भाऊ. मशीन एकएक किडा पडद्यावर काढून राहिली. पंचावन्न काढाले वेळ लागते, चार काढाले कायचा वेळ?"

कित्येक वर्षांनी वाचलं, ते बरोबर होतं. जपानमध्ये ज्याने हा खेळ बनवला, त्याच्या यंत्राची ताकद कमी पडत होती. त्यामुळे वेग आपोआप वाढत गेला, खेळ रंगला, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला. माणसांवर गोळ्या झाडणं बरं दिसणार नाही, म्हणून किडे घेतले होते.

तेवीस आणि पंधराचा हिशोब मी त्याला मैत्रीत सांगून टाकला. एका शनिवारी त्याने ८७४० केले.

"तुमी मोजत राहा भाऊ, मारतो मी," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

मग त्याने पार्लरवाल्याला यंत्र रात्रभर चालू ठेवायला लावलं. "घरवाली रोज इचारते, तिथं जाऊन काय करून राहता म्हणून. उद्या चार वाजता आणून दाखवतो तिले." कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्याने खिशातला लाल टॅग भिंतीवरच्या बटणाला बांधला. प्लांटमध्ये दुरुस्तीच्या वेळी बटण बंद करून असा टॅग लावतात. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने काढला तर आत काम करणारा माणूस मरू शकतो. इथे बटण चालू होतं, एवढाच फरक. बाजारातले सगळे प्लांटचेच, त्यामुळे कोणी हात लावणार नव्हतं.

रविवारी दुपारी तीनला मी तिथे गेलो. "जेवून येतो, जरा बघा," म्हणून पार्लरवाला घरी गेला. मी टॅगची गाठ सोडली, बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा चालू केलं. टॅग परत बांधला.

चारला ती दोघं आली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. पडद्यावर वर चार शून्यं होती.

"लाइट गेली होती काय?" त्याने मला विचारलं.

"हो. दोन मिनिटं."

सेक्टरातली लाइट सहसा जात नसे. तो बटणापाशी गेला. टॅगची अक्षरं भिंतीकडे होती. मी तो उलटा बांधला होता. त्याने तो सरळ केला, पाहिला, मग सोडून खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"गेली लाइट," तो बायकोला म्हणाला.

"मंग किती होते तुमचे?"

त्याच्या आधी मीच बोललो, "आठ हजार सातशे चाळीस."

"तुमाले बरे पाठ हायेत, भाऊजी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काहीच खोच नव्हती.

सोमवारी सकाळच्या पाळीला तो गेटवर आला. कामगारांची हजेरीची टोकनं घ्यायला टाइम ऑफिसला दोन खिडक्या होत्या. माझ्या खिडकीपुढे तिघंच उभे होते, शेजारच्या खिडकीपुढे वीस-बावीस. तो त्या लांब रांगेत जाऊन उभा राहिला. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत, पावणेदोन वर्षं, त्याचं टोकन माझ्या हातात आलं नाही.