योर्डिस आधी दिव्यांना विचारायची

"आधी दिव्यांना विचारा," योर्डिस नेहमी म्हणायची. "दिवे खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात, आणि तीही प्रेमाने."

योर्डिस वॉल्ग्रेन आमच्या नगरपालिकेची नेटवर्कवाली. शाळा असो, ग्रंथालय असो, कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एका चपट्या पेटीत येऊन मिळतात, ती पेटी तिची. तिला स्विच म्हणतात. प्रत्येक वायरीपाशी एक बारीक हिरवा दिवा असतो. तो लुकलुकतोय म्हणजे वायरीतून बोलणं चाललंय. दुसरा कोणी असता तर आल्या आल्या वायरी उपसायला लागला असता. योर्डिस कोटाच्या खिशात हात घालून नुसती उभी राहायची. गोठ्यात वाढलेली बाई ती. गाईला हात लावण्याआधी तिच्याकडे नीट बघ, असं तिला वडिलांनी शिकवलं होतं. गाई गेल्या, गोठा विकला गेला, हे उभं राहणं तेवढं तिच्यापाशी उरलं.

मी ग्रानविकच्या वृद्धाश्रमात देखभालीला आहे. बर्फ लोटतो, बिजागऱ्यांना तेल घालतो. त्या डिसेंबरात आमच्या पश्चिमेकडच्या दालनातल्या घंटा मुक्या झाल्या. इथल्या म्हाताऱ्यांच्या मनगटावर एक बटण असतं. ते दाबलं की परिचारिकेच्या फोनवर निरोप जातो, आणि तो निरोप योर्डिसच्या पेटीतून जातो. दिवसा तो जाईना. त्या दालनातला हिल्डिंग न्हाणीघरात घसरला आणि बटण दाबत भिंतीला टेकून बसून राहिला. कॉफीला आला नाही म्हणून शोधलं, तेव्हा सापडला. हाड मोडलं नव्हतं, पण आमची व्यवस्थापक मालिन पांढरी पडली.

योर्डिस आली. सकाळी शहरातली कामं उरकून दुपारी यायची, आणि इकडे उत्तरेत डिसेंबरात दुपारीच अंधार पडतो. पाहते तर पेटीचे सगळे दिवे हिरवे. तिने एक जुनी वायर बदलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घंटा पुन्हा मुक्या. ती पुन्हा आली, तर पुन्हा सगळं ठीक.

"दुखरी दाढ दवाखान्यात शिरली की गप्प होते, तसं आहे हिचं," ती म्हणाली आणि तिने अख्खी पेटीच बदलली. पेटी चादरींच्या खोलीत असते; तिथल्या थप्पीमागून विजेची दोरी लोंबत होती, तीच नव्या पेटीला जोडली.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मालिनने तिला दारातच गाठलं.

"आज सापडलं नाही, तर उद्या पश्चिमेकडच्या सगळ्यांना शहरात हलवते. मला झोप लागत नाही, योर्डिस."

"आणि परत कधी आणणार?"

इथे एकदा हलवलेलं माणूस परत येत नाही; खोली दुसऱ्याला जाते. त्या दालनात टीरा राहायची. नव्वदी ओलांडलेली, तळ्याकाठी जन्मलेली. तिचा नवरा असार हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून लाकडं ओढून आणायचा, आणि घर कुठे ते त्याला कळावं म्हणून ती रात्रभर खिडकीत दिवा ठेवायची. असार जाऊन कित्येक वर्षं झाली. तळं मात्र खिडकीबाहेर होतं, आणि ते सोडून टीराला कुठेही जायचं नव्हतं.

योर्डिस चादरींच्या खोलीत गेली. दिवे हिरवे. तिने लॅपटॉप जोडला आणि भुवया आकसल्या.

"एवर्त, ही पेटी काल दुपारी मी बसवली ना? म्हणजे तेव्हापासून जागी हवी. ही म्हणते, आज अंधार पडल्यावर उठले."

"मग बिघडली," मी म्हणालो.

"बिघडलेली नाही. हिला कोणीतरी झोपवतं आणि उठवतं."

बराच वेळ उभी राहिली, मग कॉफीच्या टेबलाशी येऊन बसली. तिथे टीरा आणि हिल्डिंग पत्ते खेळत होते. टीराने केशराचा पाव तिच्यापुढे सरकवला.

"खा पोरी. वाळलीस. कोपऱ्यातल्या खिडकीत माझा त्रिकोण बघितलास का?"

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आमच्याकडे खिडकीखिडकीत सात बल्बांचा लाकडी त्रिकोण लागतो. टीराच्या खोलीत सॉकेट मोकळा नव्हता, म्हणून तिचा त्रिकोण चादरींच्या खोलीत होता.

"बघितला. छान आहे."

"अंधार पडला की आपोआप लागतो. उजाडलं की विझतो. दिवसा वीज कशाला जाळायची?"

योर्डिसने कप खाली ठेवला.

"आपोआप कसा गं?"

"टायमर आहे ना त्याला."

आम्ही चादरींची थप्पी बाजूला केली. भिंतीत एकुलता एक सॉकेट. त्यात टायमर, टायमरमध्ये दोन तोंडांचा अडॅप्टर, आणि त्यात शेजारी शेजारी त्रिकोण आणि पेटी. त्रिकोण विझला की पेटीही झोपायची. तो लागायचा तेव्हा योर्डिस गाडीतून उतरत असायची.

"तीन दिवस मी पेटीच्या दिव्यांना विचारत होते," ती स्वतःवरच हसली. "खिडकीतल्यांना विचारायचं राहिलं."

मालिन धावत आली. "कोणी केलं हे?"

"भिंतीने," योर्डिस म्हणाली. "एवढ्या खोलीला एकच सॉकेट देते म्हणजे काय?"

"मी केलं," दारातून आवाज आला. टीरा चालण्याच्या चौकटीला धरून उभी होती. "एवर्तला सांगितलं असतं तर म्हणाला असता, पुढच्या आठवड्यात." मग तिचा आवाज खाली गेला. "हिल्डिंग माझ्यामुळे फरशीवर बसला."

"पत्त्यांत हरवून रोज खाली बसवतेसच मला," मागून हिल्डिंग म्हणाला. "फरशी निदान हसत तरी नव्हती."

मालिन हसली नाही, पण तिचे खांदे सैल झाले. "आता कोणाला हलवायचं नाही. पण या सॉकेटला पेटीशिवाय काहीही लागणार नाही."

"बरोबर आहे," टीरा म्हणाली आणि वाकून स्वतःच त्रिकोणाची पिन काढली. खिडकी काळी झाली. तळ्याकडे बघत ती तशीच उभी राहिली.

योर्डिसने पेटीची दोरी सरळ भिंतीत लावली, दिवे हिरवे होईपर्यंत थांबली आणि गाडीकडे गेली. परतली ती लांब वायरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन. स्वयंपाकघरातून वायर निघाली आणि छताच्या कडेकडेने दालनभर आली. मी शिडी धरली. एका बाजूने शिडी डगमगली, तेव्हा मालिनने येऊन दुसरा पाय धरला. टायमर स्वयंपाकघरात लागला. सात बल्ब पुन्हा पेटले.

टीराने उरलेले पाव कागदात बांधून योर्डिसच्या खिशात कोंबले. "रात्रीचं जेवण म्हणून खाऊ नकोस. नीट काहीतरी शिजव."

"हो आई," योर्डिस म्हणाली. ती टीराची कोणी लागत नव्हती.

मी फावडं घेऊन पायरीवर उभा राहिलो. अंगणातला बर्फ तिच्या बुटांखाली करकरत होता. गाडीपाशी पोहोचून तिने दार उघडलं आणि मागे वळली. खिशात हात घालून खिडकीसमोर उभी राहिली, पेटीसमोर राहायची तशी, अगदी तेवढाच वेळ. मग तिने काचांवरचा बर्फ खरवडला आणि गाडी तळ्याकाठच्या रस्त्याला लागली.

वर, सात दिव्यांच्या मागे, टीरा तिला बघत होती. हात हलवला नाही तिने. दोन्ही हातांनी पडदा बाजूला धरला होता, एकही दिवा झाकला जाऊ नये म्हणून.