शेखरला मी मारलं, म्हणून भिलाईला गेलो

भिलाईला हौसेनं फिरायला कुणी जात नाही. जाणारा नोकरीला जातो, नाहीतर लग्नाला. मी गेलो माफी मागायला, आणि तीही ज्या बाईंचा चेहरा कधी पाहिला नव्हता त्यांची. या ब्लॉगवर मी किल्ले, घाट, मिसळी यांवर वाचणाऱ्याला वीट येईल इतकं लिहिलंय, पण ही सहल आजवर टाळत आलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, छत्तीसगड वेगळा व्हायचा होता आणि भिलाई मध्य प्रदेशात होती.

तेव्हा ‘गोष्टीवेल्हाळ’ नावाचा आमचा एक ई-मेल गट होता. चाळीसेक मराठी माणसं, निम्मी परदेशात, एकमेकांना कधीच न भेटलेली. मराठी रोमन अक्षरांत लिहायचो, कारण देवनागरी उमटवायची सोय नव्हती. आमच्यात लेखक कुणीच नव्हतं, व्हायचं मात्र सगळ्यांना होतं. एकानं गोष्ट टाकली की बाकीचे ‘वा’, ‘जबरदस्त’, ‘डोळे पाणावले’ लिहायचे, मग त्यांची गोष्ट आली की त्यानं तेवढंच परत करायचं. लग्नातल्या आहेरासारखा मामला होता, पण आम्ही त्यावर जगत होतो. ऑफिसात साहेब काहीही बोलू दे, संध्याकाळी न्यू जर्सीहून एक ‘वा’ यायची आणि दिवस साजरा व्हायचा.

गटात साखळी कथा चालायची. पहिलं प्रकरण एकानं लिहायचं, पुढचं दुसऱ्यानं. भिलाईच्या नंदाताईंनी अशीच एक सुरू केली. शेखर नावाचा मुलगा कारखान्याच्या भरतीत नापास होतो, बाप बोलतो, मुलगा सायकल फाटकाशी टेकवून निघून जातो. साधं लिहिलं होतं आणि म्हणूनच लागलं होतं. दुबईच्या एका सभासदानं शेखरला दुबईत आणून हॉटेलात कामाला लावलं. आणखी दोघातिघांनी त्याला बढती दिली, नवे बूट दिले, जीव लावणारा मालक दिला. मग माझी पाळी आली. सगळे गोडगोड लिहितायत, आता आपण हादरवायचं, असं मी ठरवलं. शेखर मुंबईला परततो आणि घरी यायच्या आधीच धर्मशाळेत तापानं मरतो. सांगणारा होता त्याच्या शेजारच्या खाटेवरचा ‘मी’. खाली माझं नाव आणि गाव, मंदार, पुणे.

वाहवांचा पाऊस पडला. फक्त नंदाताई गप्प झाल्या. दर रविवारी लिहिणारी बाई तीन रविवार आली नाही. न्यू जर्सीच्या काकांनी फर्मान काढलं, “मंदार, तू जाऊन ये, सगळ्यांत जवळ तूच.” अमेरिकेतून पाहिलं की पुणं आणि भिलाई शेजारीच दिसतात. मी तयार झालो, कारण मलाही डाचत होतं. शिवाय खिशात नवं प्रकरण होतं. त्यात मेलेला माणूस भलताच निघतो आणि शेखर जिवंत असतो. हे वाचून बाई खूश होतील, गटात परत येतील, असा माझा हिशेब होता.

पुण्याहून थेट गाडी आहे. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्ग. नागपूरला संत्री घ्या, पण फलाटावरची नको, ती आतून कोरडी निघतात. गोंदिया सोडलं की जंगल लागतं, एक बोगदा येतो, मग डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ दिसतं आणि डब्यातली माणसं हात जोडतात. समोर भिलाईच्या पोलाद प्लांटमधले एक गृहस्थ होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांनी डब्यातली भाकरी पुढे केली.

“भिलाईले कावून चालले?”

“एका बाईंना भेटायला. गोष्टी लिहितात त्या. आमची कॉम्प्युटरवरची ओळख.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. “मंग भेटाले कायले जाता? कॉम्प्युटरवरच भेटा नं.”

मी हसलो. त्या माणसाचं ऐकून पुढच्याच स्टेशनावर उतरलो असतो आणि तसाच परत फिरलो असतो, तर बरं झालं असतं.

दुर्गला स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये मुक्काम केला. खोली ठीक, रजई मात्र मागून घ्यावी लागते, डिसेंबरात तिथली थंडी पुणेकराला झेपत नाही. सकाळी टपरीवर पोहे आणि गरम जिलबी खाल्ली. हे दोन्ही एकाच ताटलीत खायचं असतं, नाक मुरडू नका. मग शेअर टेम्पोनं भिलाईत, सुपेल्याला आलो. नंदाताईंचा म्हणून माझ्याकडे एकच पत्ता होता, सुपेल्याच्या बाजारातलं सायबर कॅफे.

भांड्यांचं दुकान आणि वेल्डिंगची शेड, त्यांच्या मधे ते कॅफे होतं. तीन कॉम्प्युटर, प्रत्येकावर फुलाफुलांचं कापड, तासाला साठ रुपये. मालक गुप्ताजी गल्ल्यावर अगरबत्ती लावत होते. मी नंदाताईंचं नाव काढलं.

“नंदा मैडम तो अब नहीं आतीं. उनके घर में गमी हो गई ना.”

“कुणी गेलं? कुणाची गमी?”

“भाई की. खबर यहीं आई थी, इसी मशीन पर.” त्यांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. “मैडम शादी में भंडारा गई थीं. पिताजी खुद रिक्शा करके आए, बोले, बेटे का कुछ आया क्या? मैडम का मेल मैं ही छापता हूँ, तो निकाल दिया. उनको आँख से दिखता नहीं, तो मैंने पढ़ के सुनाया. मराठी थी, लेकिन रोमन में थी ना, पूरा पढ़ दिया.” त्यांना त्याचा जरा अभिमानच होता. “आखिर तक चुपचाप सुनते रहे. फिर सामने वाले नाई के यहाँ जाकर मुंडन करवा लिया.”

मी त्यांना माझं नाव सांगितलं नाही.

गुप्ताजींनी घर सेक्टर सहात असल्याचं सांगितलं, तसा सायकलरिक्षा करून तिकडे निघालो. मधे रेल्वेचं फाटक लागतं. ते बंद होतं आणि कोळशाची मालगाडी सरकत होती. परत फिरायला तेवढा वेळ पुरेसा होता. रिक्षावाल्याला तसं म्हणायला तोंडही उघडलं होतं, पण गाडी संपली, फाटक वर गेलं आणि आम्ही पलीकडे गेलो. बाजाराची गर्दी पार केली की टाउनशिप सुरू होते. रुंद शांत रस्ते, दुतर्फा झाडं, त्यांच्या पानांवर लालसर धूळ, आणि एकसारखे एक क्वार्टर. पत्ता विचारताना सडकेचा नंबर सांगा, नावानं कुणी सापडत नाही. मला मात्र ‘मुंडन केलेले बाबा’ एवढ्यावर घर सापडलं.

अंगणात उन्हाला खुर्ची टाकून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यावर पांढरे खुंट नुकते उगवत होते. फाटकाशी पस्तिशीच्या एक बाई आल्या.

“मी मंदार. पुण्याहून.”

त्यांनी मागे वळून वडिलांकडे पाहिलं आणि फाटक लावून घेऊन बाहेर आल्या. ई-मेलमध्ये त्या माझ्यासारखंच पुस्तकी मराठी लिहायच्या. बोलल्या मात्र घरच्या भाषेत.

“आता कायले आले तुमी?”

मी गुप्ताजींकडून ऐकलेलं सांगितलं. त्यांनी उरलेलं सांगितलं. शेखर म्हणजे त्यांचा भाऊ प्रकाश. आठ वर्षांपूर्वी गेला, एक पत्र नाही. त्यांनी सहज म्हणून दुबईचं प्रकरण वडिलांना वाचून दाखवलं.

“बाबा म्हने, हा आपला परकाशच आहे, नाव बदललं असंल त्यानं. मी नाई नाई म्हटलं. पन त्या रात्री ते पोटभर जेवले. आठ वर्सांत पहिल्यांदा. मंग मी नाई म्हननं सोडून देल्लं. दर रविवारी वाट पाहून राहायचे, आज काय आलं म्हून.” त्यांनी डोळे पुसले. “चूक माहीच आहे. तुमाले काय ठाऊक.”

“मी त्यांना खरं सांगतो.”

“सांगा. मले तं नाई झालं.”

तेवढ्यात बाबांनी हाक मारली, “कोन आहे वं नंदे?”

“पुन्याचे मंदार आले, बाबा.”

ते उठले. भट्टीपुढे हयात घालवलेला माणूस, हात अजून राकट. माझ्या आवाजाच्या अंदाजानं पुढे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तुमीच होते नं त्याच्याजवळ?”

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगून टाकलं. “काका, ती गोष्ट होती. मी रचलेली. असं काही घडलंच नाही.”

त्यांनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. मग म्हणाले, “मंग दुबईचं बी रचलेलंच का?”

मी नंदाताईंकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे.

“त्याले शेठ मानत होता. बूट घेतले होते त्यानं. ते बी खोटं?”

बाबांनी स्वतःच मान हलवली. “नाई. ते खरं आहे. मले बरं वाटावं म्हून तुमी आता बोलून राह्यले. मेला तं मेला, बापू. चार दिवस चांगला खाऊन-पिऊन होता, हे काय कमी आहे?” आणि मग विचारलं, “अग्नी कोनं देल्ला?”

मी म्हणालो, “मी.”

का म्हणालो? त्यांना दुबई हवी होती, आणि ती द्यायची तर हेही द्यायला हवं होतं. ते खाली वाकले, माझ्या पायांना हात लावायला. मी त्यांना कसंबसं धरलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं.

“अन् दहाव्याला पिंड ठेवला? कावळा शिवला का?”

“शिवला काका. लगेच शिवला. पान ठेवल्या ठेवल्या.”

मला वाटलं, हे ऐकून त्यांचा जीव निवेल. मुलगा तृप्त गेला, सुटला. त्यांचा धरलेला हात सैल पडला.

“लगेच?”

“हो.”

“म्हंजे काईच राह्यलं नव्हतं त्याचं,” ते म्हणाले. “घराचं काई मनात नव्हतं.”

ते भिंत चाचपत आत गेले. नंदाताईंनी मला जेवायला वाढलं. वरण-भात, पुडाची वडी, ठेचा. घरी कुणी आलं की जेवल्याशिवाय पाठवायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत, आणि ती माझ्यासाठीही मोडली नाही. बाबा पानावर आले नाहीत. मी घास गिळत राहिलो, चव काही कळली नाही. नवं प्रकरण खिशातच राहिलं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर मी तो राग पदरात घेऊन सुटलो असतो.

“एवढं लिवता तुमी,” त्या म्हणाल्या. “अन् एवढं नाई सुचलं? उशिरा शिवला म्हनायचं नं.”

मग कुलपाची कडी उगाच सरळ करत म्हणाल्या, “आता परकाश खरंच दारात उभा राह्यला, तं मी काय करू?”

मी नमस्कार केला आणि चालू लागलो. पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून घरी चालली होती, हँडलला डबे लटकवलेले, एकमेकांना हाका मारत. भिलाईत आणखी काय पाहण्यासारखं आहे असं लोक विचारतात, मला सांगता येत नाही. मी तिथून थेट दुर्ग स्टेशनवर आलो आणि परतीच्या गाडीला सात तास होते तरी फलाटावरून हललो नाही.

पुण्यात आल्यावर गटाला कळवलं की नंदाताई घरच्या अडचणींमुळे येणार नाहीत. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पुढच्याच आठवड्यात कुवेतच्या एकानं शेखरला जिवंत केलं, माझी कल्पना मी न सांगता त्याला सुचली. वाहवा झाली. मी त्या दिवशी गट सोडला आणि घाबरून गुप्ताजींच्या कॅफेवर फोन लावून सांगितलं की नंदा मॅडमच्या नावानं आता काहीही छापू नका. ते म्हणाले, “कोई आता ही नहीं, साहब.”

एवढ्यावर थांबलो असतो तर माणूस ठरलो असतो. पण अंगणातलं ते ‘लगेच?’ कानातून जाईना. शेवटी मी बाबांना पत्र लिहिलं, देवनागरीत, स्वच्छ अक्षरात. काका, तुम्हाला त्रास नको म्हणून खोटं बोललो. कावळा दुपारपर्यंत शिवला नव्हता. पिंडाभोवती फिरायचा आणि उडून जायचा. आम्ही सगळं बोलून पाहिलं. अखेर मी हात जोडून म्हणालो, तुझ्या बाबांना भिलाईला जाऊन भेटेन, तेव्हा कुठे तो खाली उतरला. हे लिहिताना मी रडलो. त्याच्याइतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही लिहिलं नाही.

महिन्याभरानं नंदाताईंचं कार्ड आलं, त्यांच्या नेहमीच्या पुस्तकी मराठीत.

‘तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, चांगलं लिवते पोट्टा. तेव्हापासून त्यांनी दुबईचं नाव काढलेलं नाही. कृपया आता लिहू नये.’